माल कमी पडला, पण नुकसान नेमके किती?

करंजाच्या धक्क्यावर सकाळी उभे राहिले की मासळीच्या होड्या दिसतात, रेवसला जाणारी लाँच दिसते आणि बर्फाच्या लाद्या ओढणारी पोरे दिसतात. द्रोणागिरी डोंगराच्या पलीकडे न्हावा-शेवाचे बंदर आहे. १९८९ साली ते सुरू झाले आणि उरण-पनवेल पट्ट्यातील लहान व्यापाऱ्याच्या दारात एकदम परदेशचा धंदा आला. म्हशीचे गोठवलेले मांस आणि मासळी शीत कंटेनरमधून येथूनच बाहेर जाऊ लागली. या साखळीत आपले अनेक बांधव आहेत. कोणी जनावर आणतो, कोणी परवानाधारक कत्तलखान्यातून माल उचलून कारखान्याच्या गेटवर पोचवतो, कोणी टेम्पो चालवतो, कोणी सुरीवर काम करतो.

या धंद्यात भांडण लागते ते बहुधा एकाच जागी. ठरला तेवढा माल आला नाही. मग कारखानदार मागची बिले अडवतो, वर नुकसानीचा मोठा आकडा सांगतो आणि माल देणारा घाबरून मिळेल त्या रकमेवर सही करून मोकळा होतो. कधी उलटही होते. खरोखर नुकसान झालेला खरेदीदार हिशेब इतका फुगवतो की त्यातील खरा भागही कोणी मानत नाही. दोन्ही प्रकार आम्ही पाहिले आहेत. म्हणून या वेळी या पानावर भाव-बाजार बाजूला ठेवून हा हिशेबच मांडायचे आम्ही ठरवले.

समजुतीसाठी एक उदाहरण घेऊ. आकडे आमचे आहेत, पण ज्यांनी हा धंदा केला आहे त्यांना ते अनोळखी वाटणार नाहीत. करंजाचा एक मालवाला तळोजा बाजूच्या एका प्रक्रिया कारखान्याशी सौदा करतो. सहा आठवडे, दर आठवड्याला ५,००० किलो म्हशीचे हाडासकट मांस, गेटपोच भाव किलोला २१० रुपये, वजन गेटच्या काट्यावर. एकूण ३०,००० किलो. पहिले दोन आठवडे माल पुरा जातो. तिसऱ्या आठवड्यात ३,५०० किलो, चौथ्यात ३,०००, पाचव्यात २,००० आणि सहाव्यात काहीच नाही. म्हणजे गेले १८,५०० किलो आणि तूट राहिली ११,५०० किलोची.

कारखाना चौथ्या व पाचव्या आठवड्याचे बिल अडवतो. ५,००० किलोचे १०,५०,००० रुपये. आणि पत्र पाठवतो की आमचे नुकसान १५,०२,२४० रुपये झाले आहे, तुमचे बिल त्यात वळते केले, उरलेले ४,५२,२४० रुपये पंधरा दिवसांत भरा. मालवाल्याने जनावरांचे पैसे स्वतः उधारीवर उभे केलेले असतात. बाजारात त्याची जबान गेलेली असते. साडेदहा लाख अडकणे म्हणजे त्याचा पुढचा हंगामच जाणे.

आता हा पंधरा लाखांचा आकडा उलगडू.

पहिली गोष्ट वजनाची. कारखान्याच्या पत्रात तूट ११,५०० नव्हे तर ११,८७० किलो दाखवली आहे. हे ३७० किलो कोठून आले? कारखान्याने वजन गेटवर न धरता दुसऱ्या दिवशी शीतखोलीतून माल काढताना धरले. ताजे मांस थंड होताना पाणी सोडते, साधारण दोन टक्के वजन उतरते. १८,५०० किलोचे दोन टक्के म्हणजे बरोबर ३७०. सौद्यात वजन गेटच्या काट्यावर ठरले असेल तर ही घट कारखान्याची आहे, मालवाल्याची नव्हे. सौद्यात काहीच ठरले नसेल तर मात्र भांडण पेटते. म्हणून वजन कोठे, कधी आणि गरम की थंड हे तीन शब्द कागदावर हवेत. गेटवरची वजनचिठ्ठी दोन प्रतींत घ्यावी आणि ड्रायव्हरने ती हरवू नये. आमच्या मते या धंद्यातील निम्मे तंटे त्या चिठ्ठीपाशीच संपतील.

दुसरी गोष्ट भावाची, आणि खरा कायदा इथे आहे. भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या ७३व्या कलमात नुकसानभरपाईचे तत्त्व सांगितले आहे. करार मोडल्यामुळे सामान्य रीतीने जे नुकसान होते, किंवा करार करताना दोन्ही बाजूंना जे होईल असे माहीत होते, तेवढेच मागता येते. दूरचे आणि आडवळणाचे नुकसान मागता येत नाही. कलमाखाली दिलेली उदाहरणे वाचण्यासारखी आहेत, कारण ती कोर्टाच्या नव्हे, बाजाराच्या भाषेत आहेत. एक जण ५० मण सोरा देण्याचे कबूल करतो आणि देत नाही. खरेदीदाराला किती मिळेल? ठरलेला भाव आणि ज्या दिवशी माल द्यायला हवा होता त्या दिवशी तसाच माल बाजारात ज्या भावाने मिळाला असता तो भाव, या दोहोंतील फरक. बस्स.

म्हणजे भाव पाहायचा तो माल द्यायच्या दिवसाचा. तंटा पेटला त्या दिवसाचा नाही, आणि हंगामातील सर्वांत चढ्या दिवसाचाही नाही. आमच्या उदाहरणात गेटपोच बाजारभाव तिसऱ्या आठवड्यात २१८, चौथ्यात २२५, पाचव्या व सहाव्यात २४० होता असे धरू. तर तिसऱ्या आठवड्याची १,५०० किलोची तूट ८ रुपयांनी १२,००० होते. चौथ्याची २,००० किलो १५ रुपयांनी ३०,०००. पाचव्याची ३,००० किलो ३० रुपयांनी ९०,०००. सहाव्याची ५,००० किलो ३० रुपयांनी १,५०,०००. एकूण २,८२,००० रुपये. कारखान्याने काय केले? सगळ्या तुटीला, त्या ३७० किलोंसकट, ३० रुपयांचा फरक लावला आणि ३,५६,१०० मांडले. एका ओळीत ७४,१०० रुपये वाढले.

बाजारभाव म्हणजे कोणत्या बाजाराचा, हेही पाहावे लागते. मुरलीधर चिरंजीलाल विरुद्ध हरिश्चंद्र द्वारकादास हा खटला सर्वोच्च न्यायालयात १९६१ साली निकाली निघाला. कॅनव्हास कापडाचा सौदा होता. माल कानपूरला रेल्वेत चढवून कलकत्त्याला जायचा होता, पण बुकिंग बंद झाले आणि माल मिळाला नाही. खरेदीदाराने कलकत्त्याचा भाव दाखवून भरपाई मागितली. न्यायालयाने विचारले, माल द्यायची जागा कानपूर, मग त्या दिवशीचा कानपूरचा भाव कोठे आहे? तो पुराव्यात नव्हता. खरेदीदाराला काही मिळाले नाही. करार मोडला होता हे खरे असूनही.

आपल्याकडे हीच चूक रोज होते. जो तो देवनारचा भाव सांगतो. १९७१ साली वांद्र्याहून कत्तलखाना देवनारला गेला तेव्हापासून मुंबई-कोकणातील मांस व्यापाऱ्याच्या डोक्यात देवनारचा भाव बसलेला आहे. पण सौदा तळोज्याच्या गेटवरचा असेल तर देवनारचा भाव हा तळोज्याचा भाव नव्हे. मध्ये वाहतूक आहे, दलाली आहे, मालाचा प्रकार वेगळा आहे. त्याच आठवड्यात त्याच भागात दुसऱ्यांनी घेतलेल्या मालाची दोन-तीन बिले हाती असली तर ती देवनारच्या तोंडी भावापेक्षा शंभर पटीने मोलाची.

तिसरी ओळ बुडालेल्या नफ्याची. कारखाना म्हणतो, प्रत्येक किलोमागे आम्हाला २२ रुपये सुटतात, म्हणून ११,८७० किलोंचे २,६१,१४० रुपये द्या. येथे थांबून विचार केला पाहिजे. भावाचा फरक आणि नफा या दोन्ही गोष्टी एकाच किलोवर मिळत नाहीत. फरकाचे पैसे मिळाले म्हणजे ठरलेल्या भावाने माल मिळाल्यासारखेच झाले. मग त्या मालावरचा नफा बुडाला कसा? शिवाय आमच्या उदाहरणात कारखान्याने शेवटच्या दोन आठवड्यांत ६,००० किलो दुसरीकडून घेतले, कापले, गोठवले आणि कंटेनरमध्ये भरले. त्या ६,००० किलोंवरचा नफा तर गेलाच नाही.

उरले ५,५०० किलो, जे कारखान्याने घेतलेच नाहीत. तिसऱ्या आणि चौथ्या आठवड्यात बाजारात माल होता, ८ आणि १५ रुपये जास्त देऊन मिळत होता आणि किलोमागे नफा २२ रुपयांचा होता. शहाण्या माणसाने तो घेतला असता. नाही घेतला तर ७३व्या कलमाचे स्पष्टीकरण आडवे येते. नुकसान टाळण्याची जी साधने हाताशी होती ती हिशेबात धरली जातात. हातावर हात ठेवून बसलेल्याला बसण्याची भरपाई मिळत नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यातील न घेतलेल्या २,००० किलोंची गोष्ट जरा वेगळी. तेथे फरक ३० रुपयांचा आणि नफा २२ रुपयांचा, म्हणजे घेतले असते तर किलोला ८ रुपये खोट. न घेण्यात शहाणपण होते. मग मालवाला म्हणू शकतो की तुमचे खरे नुकसान ३० नव्हे, २२ रुपये किलो झाले, ६०,००० नव्हे, ४४,०००. कोर्टात सामान्यपणे बाजारभावाचा फरकच धरला जातो. पण तडजोडीच्या बैठकीत या १६,००० रुपयांवर घासाघीस करायला जागा आहे. ती सोडू नये.

नफा मुळीच मागता येत नाही असे नाही. कायद्यातच दुसरे उदाहरण आहे. एकाने १०० रुपये टनाने १,००० टन लोखंड पुढे द्यायचे कबूल केले आणि ते ८० रुपये टनाने दुसऱ्याकडून घेतले. घेताना सांगितले की हा माल मला पुढच्या सौद्यासाठी हवा आहे. माल आला नाही, दुसरीकडे मिळाला नाही, पुढचा सौदा तुटला. तेव्हा २० रुपये टनाप्रमाणे २०,००० रुपयांचा नफा भरून मिळतो. यात दोन अटी आहेत. आधी सांगितले पाहिजे आणि माल बाजारात मिळता कामा नये. आणि नफा म्हणजे विक्रीभाव वजा खरेदीभाव इतके सोपे नाही. जो माल आलाच नाही त्यासाठी खोकी, प्लास्टिकच्या पिशव्या, गोठवण्याची वीज, गाडीभाडे वाचले. ते वजा करावेच लागते.

चौथी ओळ बसून राहिलेल्या मजुरांची, १,३५,००० रुपये. कारागीर वाचकांना हे मनाला लागेल, कारण बसलेला मजूर तेच असतात. पण हिशेब हिशेबाच्या जागी. पगार ठराविक असेल तर तो माल आला असता तरी द्यावा लागला असता आणि मालाच्या विक्रीतून निघाला असता. भावाचा फरक मिळाल्यावर हा पगार पुन्हा वेगळा मागणे म्हणजे एकाच नुकसानीचे दोनदा पैसे. आम्हाला एक प्रश्न येथे विचारावासा वाटतो. कारखाने पत्रात मजुरीचा आकडा मांडतात, पण त्या बसलेल्या दिवसांची मजुरी कंत्राटी कारागिरांना दिली होती का? दिली नसेल तर ती मागायची कशी?

पाचवी ओळ परदेशी खरेदीदाराने कापलेले २,५०,००० रुपये. हे नुकसान खोटे असेलच असे नाही. कंटेनर उशिरा गेला तर समोरचा पैसे कापतो. प्रश्न एवढाच की सौदा करताना मालवाल्याला त्या अटीची कल्पना दिली होती का? या तत्त्वाचे मूळ इंग्लंडच्या १८५४ सालच्या एका निकालात आहे. ग्लॉस्टरच्या एका पिठाच्या गिरणीचा दांडा मोडला. नवा बनवण्यासाठी नमुना म्हणून तो ज्या वाहतूकदाराकडे दिला त्याने दिरंगाई केली आणि गिरणी बंद राहिली. पण मालकाकडे दुसरा दांडा नाही, गिरणी अडून बसली आहे, याची कल्पना वाहतूकदाराला होती असे निकालात धरले गेले नाही, आणि बुडालेला नफा त्याच्या माथी बसला नाही. आपल्या ७३व्या कलमाखालीही असेच उदाहरण आहे. तिसऱ्या माणसाशी केलेला सौदा ज्याला सांगितला नव्हता, त्याच्याकडून त्या सौद्याचा दंड वसूल होत नाही. माल निर्यातीचा आहे हे मालवाल्याला ठाऊक असणे वेगळे आणि अमुक तारीख चुकली तर अडीच लाख कापले जातील हे ठाऊक असणे वेगळे.

शेवटची ओळ बाजारातील नाव खराब झाल्याची, ५,००,०००. यावर शाई खर्च करण्याची गरज नाही. आकडा गोल आहे यातच सगळे आले.

मात्र एक खर्च कारखान्याला मिळाला पाहिजे. बदली माल घेताना नव्या विक्रेत्याच्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागली, तिचे २४,००० रुपये. तूट झाली नसती तर हा खर्च झाला नसता आणि पावती समोर आहे. तेव्हा खरे नुकसान २,८२,००० अधिक २४,०००, म्हणजे ३,०६,००० रुपये. पंधरा लाखांतून तीन लाख उरले.

आता अडवलेल्या बिलाकडे. १९३०च्या मालविक्री कायद्याचे ३७वे कलम सांगते की ठरल्यापेक्षा कमी माल आला तर खरेदीदार तो परत करू शकतो, पण ठेवून घेतला तर ठरलेल्या भावाने पैसे द्यावेच लागतात. चौथ्या-पाचव्या आठवड्याचा माल कारखान्याने ठेवून घेतला आहे. आणि नुकसानीचा दावा म्हणजे ठरलेले देणे नव्हे. तो आधी सिद्ध व्हावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली रामन आयर्न फाउंड्रीच्या खटल्यात सांगितले आहे. तथापि सावध राहावे. दाव्यापोटी बिल अडवून ठेवण्याचा हक्क करारातच लिहून दिला असेल तर गोष्ट बदलते, हे त्याच न्यायालयाने १९८३ साली कमालुद्दीन अन्सारी यांच्या खटल्यात स्पष्ट केले. छापील करारातील बारीक अक्षरे न वाचता सही करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. तसेच 'कमी पडलेल्या किलोमागे इतका दंड' असे कलम असले तरी तो आकडा आपोआप मिळत नाही. ७४व्या कलमाप्रमाणे ती वरची मर्यादा असते, तिच्या आत वाजवी भरपाई मिळते.

मालवाल्याच्या बाजूने नेहमी एक सबब येते, माझा इलाज नव्हता. कधी ती खरी असते. मार्च २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आली. त्याआधी केलेला बैलाच्या मांसाचा सौदा त्या दिवसापासून पुरा करणे बेकायदा झाले. तेथे ५६वे कलम लागते आणि सौदा संपतो. म्हशीचा सौदा मात्र त्या कायद्याने संपला नाही. २०२५ च्या पावसाळ्यात रस्त्यावर गाड्या अडवण्याच्या प्रकारांना कंटाळून राज्यातील कुरैशी समाजाने जनावरांची खरेदी-विक्रीच बंद ठेवली. त्या काळातील तुटीचे काय? येथे आमचे मत असे की सरसकट उत्तर नाही. बाजार पूर्ण बंद होता, माल कोठेच मिळत नव्हता आणि सौदा बंदच्या आधीचा होता, तर मालवाल्याची बाजू बळकट आहे. पण माल महाग होऊन का होईना मिळत होता, तर नुसता भाव चढला हे कारण चालत नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्याला तूप पुरवणाऱ्या अलोपी प्रसाद यांच्या पेढीने हेच कारण सांगितले होते. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. आणि जे आधीच ठाऊक आहे त्याची सबब तर नाहीच. करंजाचा मासळीवाला जूनमध्ये मासळी देण्याचे कबूल करून पुढे १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीकडे बोट दाखवू लागला तर कोण ऐकेल? 'संप, बंदी, रस्ता अडवणे किंवा जनावरांचा बाजार बंद असल्यास मुदत वाढेल' अशी एक ओळ सौद्यात घालायला काही खर्च येत नाही.

खरेदीदाराने तूट झाली त्याच दिवशी लिहून कळवावे की इतके किलो कमी आले, आम्ही बाजारातून घेत आहोत, फरक तुमच्या नावे. मालवाल्यानेही कारण त्याच दिवशी लिहावे. आजकाल हे सारे व्हॉट्सअॅपवर होते. तो मजकूर पुरावा होतो, पण कोर्टात त्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. तेव्हा फोन बदलताना जुना मजकूर पुसून टाकू नये.

दाव्याची मुदत करार मोडल्यापासून तीन वर्षे. तीन लाख किंवा त्याहून मोठ्या रकमेचा व्यापारी तंटा व्यापारी न्यायालयात जातो आणि तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थीला बसणे सक्तीचे आहे. ही सक्ती २०१८ साली कायद्यात आली. आपल्या बाजारात चार जाणती माणसे बसवून तंटा मिटवण्याची रीत जुनीच आहे. फक्त तेथे आवाजाऐवजी कागद बोलावेत. व्याजाबद्दल आम्हाला नेहमी विचारले जाते. व्याज मागितलेच पाहिजे असे बंधन नाही. ज्याला ते नको त्याने दाव्यात ते मागू नये, मुद्दल आणि खरा खर्च मागावा.

तर आमच्या उदाहरणातील मालवाल्याने कारखान्याला उत्तर कसे द्यावे? एका पानात. तूट ११,५०० किलो आम्हाला मान्य. चार आठवड्यांचा फरक २,८२,००० मान्य, तपासणीचे २४,००० पावती पाहून मान्य. बाकी मागण्या अमान्य, कारणे खालीलप्रमाणे. आमचे येणे १०,५०,०००, त्यातून ३,०६,००० वजा जाता ७,४४,००० रुपये पंधरा दिवसांत चेकने पाठवावेत. सोबत गेटच्या काट्यावरील सर्व वजनचिठ्ठ्यांच्या प्रती आणि त्या चार आठवड्यांतील बाजारभावाची बिले जोडली आहेत.